बिनतारी उष्णतामापकाची परीक्षा

यवतमाळचा उन्हाळा कसा असतो हें येथील वाचकांस सांगावयास नको. मे महिन्यांत पारा 44 अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो, आणि नवतपा लागला म्हणजे भर दुपारीं अंगणांत पाऊल टाकवत नाहीं. अशा दिवसांत खोलीची उष्णता व हवेंतील ओलावा कळावा म्हणून हल्लीं पुष्कळ घरांत बिनतारी मापकयंत्रें आलीं आहेत. त्यांचे भाग दोन: मोजणारी लहान डबी, म्हणजे सेन्सर, आणि आंकडा दाखविणारा फलक. डबी ठराविक वेळानें बिनतारी लहरींवरून बातमी धाडते व फलक ती दाखवितो.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं घडलेली गोष्ट सांगतों. आईची खोली मागील बाजूस टिनाच्या छपराखालीं आहे. पुढील खोलींतला फलक दुपारभर 34 अंश दाखवीत होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. चार वाजतां चहा घेऊन गेलों तों आई अगदीं गळून गेलेली दिसली. तिला पुढें आणून ओल्या फडक्यानें अंग पुसलें, पाणी पाजलें, डॉक्टरांस दाखविलें. संध्याकाळीं तिला हुशारी आली. मागाहून पाहिलें तों डबीतील सेल सकाळींच संपला होता व फलकावरील आंकडा सकाळचा होता. यंत्र खोटें बोललें नव्हतें. तें गप्प झालें होतें, आणि त्याच्या मौनास आम्ही उत्तर समजलों.

तेव्हांपासून यंत्राविषयीं शंका आली कीं मी क्रमानें तीन प्रश्न विचारतों.

पहिला प्रश्न: बातमी येते काय? डबी पांच मिनिटें मुठींत धरावी किंवा तिजवर श्वास सोडावा. फलकावरील आंकडा हलला नाहीं तर बातमी तुटली आहे. कित्येक फलक बातमी थांबल्यावरहि बराच वेळ जुनाच आंकडा दाखवितात, हें ध्यानांत ठेवावें. प्रथम सेल बदलावा. साधा पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा असतो. चार्ज करतां येणारा 1.2 व्होल्टचा असल्यानें कांहीं यंत्रांस अपुरा पडतो. सेल बदलल्यावर पुष्कळ डब्यांची ओळख फलकास नव्यानें करून द्यावी लागते. तरीहि बातमी न आली तर मार्ग पाहावा. टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट, कूलरचा पत्र्याचा सांगाडा व जाड भिंती लहरींस अडवितात. डबी फलकाजवळ आणतांच बातमी येऊं लागली तर दोष डबीचा नव्हे, मार्गाचा समजावा. वायफायवर चालणारीं पुष्कळ यंत्रें केवळ 2.4 गिगाहर्ट्झच्याच लहरी ओळखतात, हेंहि तपासावें.

दुसरा प्रश्न: बातमी कोठली? उन्हानें तापलेल्या भिंतीवर टांगलेली डबी भिंतीची उष्णता सांगते, खोलीची नव्हे. कूलरच्या झोतांत ठेवलेली डबी त्या झोताचाच ओलावा सांगते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानें 1864 च्या सुमारास झरोक्यांची पांढरी पेटी योजिली, ती याच कारणास्तव. हवामानाच्या वेधशाळांतून मापकें अशा पेटींत, जमिनीपासून सुमारें सवा ते दोन मीटर उंचीवर ठेवितात. घरींहि सावली, मोकळी हवा व छातीइतकी उंची साधावी.

तिसरा प्रश्न: बातमी खरी काय? येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सकाळीं ओलावा 60 टक्के व दुपारीं 30 टक्के दिसला म्हणजे यंत्र बिघडलें असें नव्हे. हवा तापली कीं तिची वाफ सामावण्याची शक्ति वाढते. 25 अंशांवर 60 टक्के ओलाव्याची हवा 37 अंशांपर्यंत तापली तर, वाफ तितकीच असूनहि, ओलावा सुमारें 30 टक्के भरतो. खरी परीक्षा मिठानें होते. बाटलीच्या झांकणांत मीठ घेऊन, तें विरघळून न जातां ओलें होईल इतकेंच पाणी घालावें. झांकण व डबी एका घट्ट बरणींत, परस्परांस न लागतील अशीं, सावलींत दिवसभर ठेवावीं. आंतील हवेचा ओलावा 75 टक्क्यांच्या जवळ स्थिरावतो. यंत्र 70 दाखवील तर त्याच्या आंकड्यांत पांच मिळवावे. साध्या यंत्रांत दोन ते पांच टक्क्यांचा फरक स्वाभाविक होय.

विद्यार्थ्यांनीं हा मिठाचा प्रयोग सुटींत घरीं अवश्य करावा व आंकडे वहींत टिपावे. पालकांस एकच विनंति आहे. घरांत वृद्ध वा लहान मूल असेल तर फलक पाहावाच, परंतु दुपारीं एकदां त्यांच्या खोलींतहि जाऊन यावें.