पदकामागचे तारण

ज्युनियर ब्रिजमन हा अमेरिकेतील बास्केटबॉलपटू खेळत असतानाच उपाहारगृहांच्या धंद्याचे धडे गिरवू लागला आणि निवृत्तीनंतर शंभराहून अधिक उपाहारगृहांचा धनी झाला. खेळातून मिळालेले द्रव्य दुसऱ्या उद्योगात गुंतवावे, ही त्याची दृष्टी उचित होती. परंतु कोल्हापूरच्या मल्लाला असे द्रव्य शिल्लक उरतच नसे, कारण मैदानातले इनाम हाती पडताच दूध, तूप आणि बदाम यांच्या खर्चात विरून जाई. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, हौद्यातील लाल मातीत वस्तादांच्या नजरेखाली घाम गाळायचा, थंडाई घ्यायची आणि दुपारी विश्रांती. असा ज्याचा दिनक्रम, त्याने दुकान थाटायचे केव्हा? शरीर हीच त्याची मालमत्ता, आणि तिच्या राखणीचा खर्च कोणीतरी उचलणे अपरिहार्य होते.

हा भार पूर्वी संस्थानाने उचलला. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लांच्या खुराकाची तजवीज केली, तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचे विशाल मैदान उभारले. त्याच परंपरेत, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथे 15 जानेवारी 1926 रोजी जन्मलेला, कुस्तीगीर पित्याच्या पाच पुत्रांतील धाकटा, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्याच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेल्या या तरुणाने अपरिचित गादीवर सहावा क्रमांक मिळवला.

पुढे 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते इष्टच होते. पण दरबाराच्या दप्तरातून मल्लाच्या नावे पडणारी रक्कम नव्या राज्याच्या कोणत्या खात्यातून यावी, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. म्हणून 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्याची वेळ आली, तेव्हा राजाची जागा गावाने आणि गुरूने घेतली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज ज्यांचे नाव आहे, ते हेच खर्डेकर. विद्यार्थ्याच्या मनगटावर विश्वास ठेवून आपल्या डोक्यावरचे छप्पर तारण देणारा प्राचार्य, हे माझ्या मते कोल्हापूरच्या क्रीडेतिहासातील सर्वांत थोर उदाहरण होय.

खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु त्या जयघोषातही ऋणाचा विसर न पडता त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्याच्या उत्पन्नातून गुरूचे कर्ज फेडले. त्यांच्या आयुष्यातला धंदा म्हणावा असा व्यवहार बहुधा हा एकच, आणि त्यातला नफा दुसऱ्याचे घर सोडवण्यासाठी!

चरितार्थासाठी 1955 साली त्यांनी पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी पत्करली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मेलबर्न ऑलिंपिकची संधी हुकली, तरी खात्यातील मल्लांना ते शिकवीत राहिले. सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’. अर्जुन पुरस्कार मात्र मृत्यूनंतर मिळाला.

कोल्हापूरच्याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिस ऑलिंपिकहून कांस्यपदक घेऊन परतला, तेव्हा तो रेल्वेच्या नोकरीत होता आणि राज्य शासनाने त्याला एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. हेलसिंकीपासूनच्या बहात्तर वर्षांत घडलेला हा पालट निःसंशय आनंदाचा आहे. पण ही थैली पदकानंतर उघडते, आणि तालमीत आज जोर मारणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या खुराकाचा हिशेब अजून त्याच्या शेतकरी बापालाच जुळवावा लागतो.