शिमग्याचा धूर आणि जगाचा नकाशा

फाल्गुन शुद्ध पंचमी उजाडली की कोकणात शिमग्याचे वारे वाहू लागतात. रत्नागिरीत बारा वाड्यांचे ग्रामदैवत श्री देव भैरी याची पालखी निघते, ढोल घुमतात, फाका ऐकू येतात आणि होळीचा धूर माडांच्या शेंड्यांवरून वर चढतो. त्याच सुमारास डोंगरउतारांवर भातरोपांसाठी भाजावळही चाललेली असते. हा धूर वाऱ्यावर विरला की संपला, अशी आपली समजूत आहे. तो कोठे जातो व किती उरतो, हे दाखविणारा नकाशा आता जगापुढे आहे. सणाच्या निमित्ताने त्याची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

धुरातील जे कण अडीच मायक्रॉन वा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान असतात, त्यांना नाक व घसा अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा आणि जुना खोकला यांच्याशी त्यांचा संबंध जोडणे सोपे. परंतु हृदयविकार व पक्षाघात यांनाही ते हातभार लावतात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांची गणना कर्करोगकारकांत केली.

जमिनीवरील मोजणीची यंत्रे मोजकी, तीही बहुतेक श्रीमंत देशांत. म्हणून कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे ॲरन व्हॅन डॉन्केलार व रँडल मार्टिन यांनी उपग्रहाचा आधार घेतला आणि २००१ ते २००६ या वर्षांच्या सरासरीचा जागतिक नकाशा २०१० साली प्रसिद्ध केला. कणांमुळे सूर्यप्रकाश किती विखुरतो, हे उपग्रह टिपतो. पण तो आकडा जमिनीपासून आकाशापर्यंतच्या साऱ्या हवेचा! त्यातील माणसाच्या नाकाजवळचा वाटा संगणकावर गणित मांडून काढावा लागतो. या नकाशात सहारा, गंगेचे मैदान आणि पूर्व चीन गडद उमटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्याकडील २००९ चे मानक ४० चे आहे.

रत्नागिरीला दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचे वरदान आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत मुंबई, पुणे, चंद्रपूर, कोल्हापूर आहेत, रत्नागिरी नाही. उघड्या माळावरील एका रात्रीच्या होळीवर आम्ही तरी डोळे वटारणार नाही.

मात्र उपग्रहाला कौलांखालचे दिसत नाही. आषाढात तर ढगांमुळे अंगणही दिसत नाही. त्याच दिवसांत बाहेरची हवा पावसाने धुऊन निघते आणि घरात ओल्या लाकडांची चूल दिवसभर धुमसते. भाकऱ्या भाजणारी गृहिणी व तिच्या पदराआड बसलेले मूल तो धूर सर्वांत जवळून घेतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस आला. तरी न्हाणीचे पाणी आणि मोठा स्वयंपाक अनेक ठिकाणी चुलीवरच होतो. मुंबईहून शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांसाठी पुरण शिजते, तेही बहुधा मागच्या पडवीतील त्याच चुलीवर.