समुद्र नसलेल्या देशांचे बंदर

खिदिरपूरचा पूल उघडला की रस्ता थांबतो. कोलकात्याच्या या जुन्या गोदीतून जहाज न्यायचे असेल, तेव्हा बॅस्क्यूल पुलाचे पोलादी पंख वर उचलले जातात आणि ट्रक, बस, सायकली, हातगाड्या असे सारे पाण्याला वाट करून देत उभे राहतात. गेल्या हिवाळ्यात मीही त्या गर्दीत असाच उभा होतो. शेजारच्या कंटेनरवाहू ट्रकच्या चालकाला कुठे निघालात असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘रक्सौल, आणि माल त्याच्याही पलीकडचा, वीरगंजचा.’ ज्या देशाच्या नकाशात समुद्राचा एक थेंबही नाही, त्या नेपाळचा माल माझ्या शेजारी उभा होता.

खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली. समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, हुगळीच्या गाळाशी रोज झगडणारे हे बंदर. आज अंदमानची प्रवासी जहाजे आणि बांगलादेशचे बार्ज येथे दिसतात. कंटेनरची मुख्य वर्दळ जवळच्या नेताजी सुभाष गोदीत असते. नेपाळची तिसऱ्या देशांशी होणारी सागरी आयात-निर्यात दीर्घकाळ प्रामुख्याने कोलकाता आणि हल्दियातूनच होत आली. या देशाचा वाणिज्य दूतावास खिदिरपूरपासून हाकेच्या अंतरावर, अलिपूरमध्ये आहे, हा योगायोग नव्हे. दिल्लीत बसून ‘प्रादेशिक सहकार्य’ या शब्दांचा जो अर्थ लागतो, त्याहून वेगळा अर्थ येथे लागतो.

बिमस्टेक या संघटनेचा विचार मला येथे उभा राहून करावासा वाटतो, तो यासाठीच. ६ जून १९९७ रोजी बँकॉकमध्ये बांगलादेश, भारत, श्रीलंका आणि थायलंड यांनी ती स्थापन केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात म्यानमार आला आणि पाच देशांच्या आद्याक्षरांतून ‘बिमस्टेक’ हे नाव बनले. फेब्रुवारी २००४ मध्ये नेपाळ आणि भूतान पूर्ण सदस्य झाले. आता आणखी दोन अक्षरे कोठे बसवायची? जुलै २००४ मध्ये बँकॉकलाच झालेल्या पहिल्या शिखर परिषदेत यावर तोडगा निघाला. लघुरूप तेच राहिले, अर्थ मात्र बदलला: देशांच्या आद्याक्षरांऐवजी ‘बंगालचा उपसागर’ नावात आला. म्हणजे उशिरा आलेल्या दोन सदस्यांनी उंबरठा ओलांडताच घराची पाटी बदलली. आणि बदललेल्या पाटीवर नाव आले ते त्यांना किनारा नसलेल्या समुद्राचे.

अशा संघटनेत नंतर येणाऱ्यांविषयी आपली एक ठरीव समजूत असते: नियम जुन्यांनी करायचे, नव्यांनी ते पाळायचे. नेपाळ व भूतानचा गेल्या दोन दशकांचा अनुभव या समजुतीला छेद देतो. नव्यांनी जुळवून घेतले हे खरेच. पण जुळवून घेता घेता त्यांनी संघटनेची चालही बदलली. भारतीय धोरणकर्त्यांनी ही दुसरी बाजू पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

आधी जुळवून घेण्याविषयी. भूवेष्टित देशासाठी शेजाऱ्याचे बंदर ही सोय नसते, ती प्राणवाहिनी असते. मार्च १९८९ मध्ये भारत-नेपाळ व्यापार व ट्रान्झिट करारांची मुदत संपली आणि बहुतेक सीमानाकी बंद झाली, तेव्हा काठमांडूत इंधनाच्या रांगा लागल्या. २०१५ मध्ये नव्या संविधानानंतर पुन्हा तेच घडले. नेपाळने त्याला नाकेबंदी म्हटले, भारताने मधेशी आंदोलनाकडे बोट दाखवले. कारण कोणतेही असो, नेपाळने घेतलेला धडा एकच होता: एकाच दारावर विसंबता कामा नये. २०१६ मध्ये त्याने चीनशी ट्रान्झिट करार केला आणि २०१९ मध्ये त्याचा प्रोटोकॉल होऊन चार चिनी सागरी बंदरे कागदोपत्री खुली झाली. २०१६ मध्येच भारतानेही विशाखापट्टणमचे दार उघडले. तियानजिनहून येणारा माल कोलकात्याहून येणाऱ्या मालाशी अंतरात वा खर्चात स्पर्धा करू शकत नाही, हे नेपाळी व्यापारी जाणतो. पण पर्याय वापरता आला नाही तरी तो असणे हेच वाटाघाटीतले बळ असते. द्विपक्षीय संबंधांत मोठ्या शेजाऱ्यासमोर एकट्याने बसावे लागते. सात देशांच्या मेजावर तसे एकटे राहावे लागत नाही. नेपाळ-भूतानसाठी बिमस्टेकचे मोल या आसऱ्यात आहे.

आता प्रभावाविषयी. सप्टेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळ औंधच्या लष्करी तळावर बिमस्टेक देशांचा पहिला संयुक्त लष्करी सराव झाला. त्याच्या अवघ्या काही दिवस आधी, ३०-३१ ऑगस्टला, काठमांडूत चौथी शिखर परिषद पार पडली होती. यजमान नेपाळनेच ऐनवेळी सरावातून अंग काढून घेतले आणि केवळ निरीक्षक पाठवले. बिमस्टेक ही आर्थिक सहकार्याची संघटना आहे, तिला लष्करी रूप देऊ नये, असा नेपाळमधल्या टीकेचा सूर होता. आपल्याकडे याची संभावना चीनधार्जिणेपणा म्हणून झाली. मला त्यात आणखी काही दिसते. संघटनेचे स्वरूप कोणते असावे, यावर उशिरा आलेल्या सदस्याने नोंदवलेले ते मत होते.

दुसरे उदाहरण विजेचे. डिसेंबर २०१६ मध्ये भारताने सीमापार वीजव्यापाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात भारतीय मालकीच्या प्रकल्पांना झुकते माप होते आणि भारतमार्गे तिसऱ्या देशाला वीज विकण्याची वाट जवळजवळ बंद होती. नेपाळ व भूतानने नाराजी व्यक्त केली. काठमांडूच्या परिषदेत वीजजाळी जोडण्याविषयी सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर २०१८ मध्ये भारताने सुधारित तत्त्वे आणून त्रिपक्षीय व्यवहाराला जागा दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत व बांगलादेश यांच्यात करार झाला आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय तारांवरून प्रथमच बांगलादेशात पोहोचली. चाळीस मेगावॉट म्हणजे फार नव्हे. पण नियम ज्याने केला त्याला तो बदलावा लागला, ही गोष्ट लहान नाही. मर्यादाही आहेतच: चिनी सहभाग असलेल्या प्रकल्पांची वीज भारत आजही घेत नाही.

भूतानचा मार्ग आणखी वेगळा. २०१५ मध्ये थिंफूत बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करार केला. तो बिमस्टेकच्या चौकटीबाहेरचा, पण त्यातल्याच चार देशांचा. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने त्याला मान्यता नाकारली. परदेशी ट्रक लहानशा डोंगराळ देशाच्या पर्यावरणावर आणि वाहतूक व्यवसायावर आदळतील, ही भीती होती. २०१७ मध्ये भूतानने उरलेल्या तिघांना, आमच्यावाचून पुढे जा, असे सांगितले. त्याने करार अडवला नाही आणि तो निमूट स्वीकारलाही नाही. याच भूतानचे तेनझिन लेकफेल २०२० ते २०२३ या काळात ढाक्यातील बिमस्टेक सचिवालयाचे महासचिव होते. संघटनेची सनद ३० मार्च २०२२ रोजी कोलंबो परिषदेत स्वीकारली गेली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. कामांच्या वाटपात पर्यावरण व हवामानबदल भूतानकडे, लोकसंपर्क नेपाळकडे, सुरक्षा भारताकडे आहे.

हे केवळ आपल्या उपखंडाचे वैशिष्ट्य नव्हे. नेपाळ-भूतान आले त्याच २००४ च्या मे महिन्यात युरोपीय संघात दहा देश दाखल झाले. त्यांतल्या एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आणि पोलंडने रशियाविषयी वर्षानुवर्षे दिलेले इशारे जुन्या सदस्यांनी अतिरंजित मानले. २०२२ नंतर संघाची भाषाच त्यांच्यासारखी झाली. त्याच तुकडीतल्या हंगेरीने नकाराधिकाराने संघाला वारंवार खोळंबतही ठेवले. १९९९ मध्ये आसियानमध्ये आलेल्या कंबोडियाच्या अध्यक्षतेखाली २०१२ साली, दक्षिण चीन समुद्राच्या वादावरून, त्या संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांना पहिल्यांदाच संयुक्त निवेदन काढता आले नाही. नवा सदस्य घराला नवी खिडकी देऊ शकतो, तसा दारात अडसरही घालू शकतो. जुने सदस्य त्याचे म्हणणे केव्हा ऐकतात, यावर दोहोंपैकी काय घडेल हे बरेचसे ठरते.

पूल खाली आल्यावर मी गोदीजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत गेलो. हे गृहस्थ माझ्या जुन्या परिचयाचे. मी त्यांना दादा म्हणतो. नेपाळचा माल हाताळण्यात त्यांची हयात गेली. बिमस्टेकचा विषय काढताच ते हसले. ‘परिषदा, घोषणापत्रे आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आमच्यापर्यंत पोहोचतो तो डेमरेजचा हिशेब,’ ते म्हणाले. मध्यंतरी यंत्राच्या सुट्या भागांचा त्यांचा एक कंटेनर नऊ दिवस अडकला. सीलवरचा आणि ट्रान्झिट डिक्लरेशनवरचा क्रमांक एका अंकाने जुळत नव्हता. चूक कोणाची हे पहिल्याच दिवशी कळले होते. ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे कळायला उरलेले दिवस गेले. वीरगंजचा व्यापारी रोज फोन करून विचारत होता, ‘दादा, आमचा माल भारतात आहे की अजून समुद्रातच?’

या प्रश्नातच मला बिमस्टेकची कसोटी दिसते. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्सच्या निमित्ताने भारताने बिमस्टेकच्या नेत्यांना गोव्यात बोलावले, तेव्हापासून दिल्लीची सारी भिस्त या संघटनेवर आहे. सनद २० मे २०२४ रोजी लागू झाली. एप्रिल २०२५ च्या बँकॉक परिषदेच्या वेळी सागरी वाहतूक सहकार्याचा करारही झाला. मात्र मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्ये होऊनही तो करार अजून पूर्णत्वाला गेलेला नाही. आणि बँकॉकहून नेते परतल्यावर चारच दिवसांनी, ८ एप्रिल २०२५ रोजी, भारताने आपल्या बंदरा-विमानतळांतून तिसऱ्या देशांत माल पाठवण्याची बांगलादेशला दिलेली सवलत गर्दीचे कारण देत मागे घेतली. नेपाळ-भूतानला जाणाऱ्या बांगलादेशी मालावर याचा परिणाम होणार नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने लगेच स्पष्ट केले. ते स्पष्टीकरण खरे होते. पण ते द्यावे लागले, यातच काठमांडू व थिंफूने आपला अर्थ वाचला असणार: एका परिपत्रकाने दिलेले दुसरे परिपत्रक काढून घेऊ शकते.

म्हणून तीन गोष्टी मला आवश्यक वाटतात. पहिली, ट्रान्झिटविषयक सवलती परिपत्रकांच्या आधाराने न ठेवता त्या बिमस्टेकच्या बंधनकारक करारात आणाव्यात. त्या बदलायच्या असतील तर पूर्वसूचनेचा ठरावीक काळ असावा. दुसरी, कोलकाता, हल्दिया व विशाखापट्टणम येथे किरकोळ चुका त्याच दिवशी दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला एक संयुक्त कक्ष असावा आणि त्यात नेपाळ-भूतानचे अधिकारी बसावेत. तिसरी, लहान सदस्याचा नकार हा विश्वासघात मानण्याची सवय आपण सोडावी. २०१६ चा वीजनियम बदलल्याने भारताचे नुकसान झाले नाही. उलट त्याच्या तारांना नवे गिऱ्हाईक मिळाले.

याला आक्षेप असा येईल की बंदर आपले, गाळ उपसण्याचा खर्च आपला, मग नियम इतरांच्या संमतीने का करावेत? उत्तर खिदिरपूरच्या पुलावरच आहे. जहाजासाठी रस्ता थांबतो, तेव्हा रस्त्याचा मान कमी होत नाही. किती वेळ थांबायचे हे ठरलेले असते आणि पूल पुन्हा खाली येणार याची सर्वांना खात्री असते. त्या खात्रीमुळेच ट्रकवाला इंजिन बंद करून निवांत विडी ओढत बसू शकतो.