दुबईचा दमट उन्हाळा आणि आपले गैरसमज

‘आमच्या चंद्रपूरला सेहेचाळीस असतं, दुबईचं काय एवढं!’ विदर्भातून इथं नव्यानं आलेला माणूस हमखास असं म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. दुबईत जुलै-ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान ४१-४२ अंश सेल्सिअसच्या घरात असतं. चंद्रपूर-अकोल्याचा मे त्याहून खाली नसतो. तरीही हाच माणूस संध्याकाळी करामाहून बर दुबईपर्यंत चालत गेला तर घामानं निथळतो, त्याला धाप लागते, डोकं जड होतं. इथल्या उन्हाळ्याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. आपण तापमान विचारतो, दमटपणा विचारत नाही.

दुबईसमोरचं आखात फार उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. ऑगस्टमध्ये त्याचं वरचं पाणी ३३ ते ३५ अंशांपर्यंत तापतं, आणि त्यातून उठणारं बाष्प किनाऱ्यालगतच्या शहरावर बसून राहतं. हे डोळ्यांनी पाहता येतं. गार मॉलमधून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा क्षणात पांढरा होतो. काच बावीस-चोवीस अंशांची असते आणि हवेचा दवबिंदू तिच्या वर, कधीकधी २८-३० अंशांवर असतो, त्यामुळे हवेतलं बाष्प काचेवर पाणी होऊन बसतं. ज्या हवेतलं पाणी चष्म्यावर जमतं, ती हवा अंगावरचा घाम कसा शोषून घेणार?

एक लिटर घाम वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकलेला घाम शरीराला गार करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ घेऊन जातो. कोकणात श्रावणात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओलेच राहतात, तसा इथं घाम अंगावर राहतो.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळून शरीर किती गार होऊ शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो. ४६ अंशांच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता १५ टक्के असताना, ते २५ च्या आसपास भरतं. दुबईच्या संध्याकाळी हवा ३६ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ते ३१ होतं. माणूस वेट बल्बचे ३५ अंश सोसू शकतो, असं पूर्वी मानलं जाई. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत मात्र तरुण, धडधाकट माणसांचं शरीरही दमट हवेत ३१ च्या आसपासच हार मानू लागलं. आखाताच्या काठावर सौदीतल्या धहरानला ८ जुलै २००३ रोजी हवा ४२ अंशांची असताना दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला होता. विदर्भातलं ऊन कमी घातक आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिथंही माणसं मरतात. फक्त तिथली सवय इथं पुरत नाही. समुद्राजवळची उष्णता काय करते, ते महाराष्ट्रानं १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये पाहिलं. उघड्या मैदानातल्या एका जाहीर सोहळ्यात दहाहून अधिक लोक दगावले, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता.

‘वाळवंट आहे, रात्री गार होईल’

वाळवंटाच्या आत, लिवासारख्या ठिकाणी, हे बरंचसं खरं आहे. कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता रात्री आकाशात निघून जाते. किनाऱ्यावर बाष्प ती अडवून धरतं आणि कोमट समुद्र रात्रभर हवा तापवत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुबईचं किमान तापमान सहसा ३० अंशांखाली उतरत नाही, आणि रात्री-पहाटे आर्द्रता उलट चढते. ‘दुपारी नको, रात्री दहाला धावायला जाऊ’ हा बेत उन्हापासून वाचवतो, उष्म्यापासून नाही.

दुपारच्या सुट्टीबद्दलही हाच घोटाळा होतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घ्यायला देशभर बंदी आहे. मोडणाऱ्या मालकाला दर कामगारामागे ५,००० दिरहम, जास्तीत जास्त ५०,००० पर्यंत दंड होतो. कायदा चांगला आहे आणि त्यानं जीव वाचतात, यात मला शंका नाही. पण बाकीचे तास निर्धोक आहेत, असा अर्थ त्यातून काढू नये. सकाळी आठला सूर्य तिरपा असतो आणि हवा मात्र पाण्यानं भरलेली. सळई वाकवणाऱ्या माणसाचा सदरा त्या वेळीच पिळून काढण्याजोगा झालेला असतो.

याला जोडूनच एक अफवा आखातात वर्षानुवर्षं फिरते: पारा पन्नासला गेला की सगळ्यांना सुट्टी द्यावी लागते, म्हणून सरकार ४९ च सांगतं. इथला नियम तापमानावर नाही, घड्याळावर आहे. पन्नासच्या वरचे आकडे अधिकृतपणे जाहीरही होतात. मे २०२५ मध्ये अल ऐनजवळच्या स्वैहानला ५१.६ अंश नोंदले गेले. गाडीच्या डॅशबोर्डवर ५३ दिसतात, कारण त्याचा सेन्सर तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर असतो. हवामान केंद्राचा थर्मामीटर सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर ठेवतात.

‘आता सवय झाली’

सवय होते, हे खरं. सात ते चौदा दिवस रोज थोडं-थोडं उष्णतेत राहिलं की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. पण ही कमाई कायमची नसते. आठवडाभर लांब राहिलं की ती उतरू लागते आणि महिन्याभरात जवळजवळ पुसली जाते. जुलैची रजा रत्नागिरीच्या पावसात काढून परतलेला दहा वर्षांचा जुना दुबईकर पहिल्या आठवड्यात नवखाच असतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार उन्हातल्या कामावरच्या उष्माघाती मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि रोज तेवढाच वाढवावा, असं तिथले तज्ज्ञ सांगतात. साइटवरच्या मराठी सुपरवायझरांनी आणि फोरमननी हे मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.

दिवसभर एसीत बसणाऱ्याला तर ही सवय होतच नाही, मग तो कितीही वर्षं इथं राहो.

कांदा, गार पाणी आणि मीठ

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा समज आपण सामानाबरोबर इथं आणला. खिशातला कांदा शरीराचं तापमान अर्ध्या अंशानंही उतरवत नाही. त्याच्या भरवशावर माणूस उन्हात जास्त वेळ राहतो, धोका तिथं आहे. पन्हं, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक यांची गोष्ट वेगळी. त्यांत पाणी आहे, मीठ आहे, आणि सरबतात साखरही. इथल्या ग्रोसरीत मिळणारी लबनची बाटली आपल्या ताकाच्या जवळची. चिमूटभर मीठ घालून प्यायली की तेच काम होतं.

उन्हातून आल्याबरोबर गार पाणी प्यायलं तर रक्तवाहिन्या फुटतात, हा मेसेज दर उन्हाळ्यात कुटुंबाच्या ग्रुपवर येतो. निरोगी माणसाला थंड पाण्यानं असं काही होत नाही. उलट ते आतून थोडी उष्णता शोषतं. स्पर्धेआधी खेळाडूंना बर्फाचा चुरा याचसाठी देतात. एकदम गटागट प्यायल्यानं पोटात कळ येऊ शकते, म्हणून घोट-घोट प्यावं, एवढंच.

‘जितकं पाणी तितकं बरं’ हेही अर्धंच खरं. कष्टाचं काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी हे माप योग्य. तासाला दीड लिटरच्या वर नको. तासन्तास घाम गाळून नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ ही त्याची लक्षणं उष्णतेच्या त्रासासारखीच दिसतात, आणि माणूस आणखी पाणी पितो. दीर्घ कामात ओआरएस आणि वेळेवर जेवण हवं. मिठाच्या गोळ्या गिळू नयेत. सुट्टीत इकडे आलेल्या आई-बाबांची गोष्ट आणखी नाजूक. वयाबरोबर तहान कमी लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी काढून टाकतात. त्यांना विचारून नव्हे, वेळ बघून पाणी द्यावं. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी आणि मीठ किती, हे येण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

चहानं अंग सुकतं, हे मात्र विसरा. दिवसाचे दोन-तीन कप करक पाण्याच्याच खात्यात जमा होतात.

ऊन भाजत नाही, म्हणून ते कमी नाही

अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. मार्चमध्ये जुमेराच्या किनाऱ्यावर छान वारा असतो, हवा सव्वीस अंशांची असते आणि कातडी मात्र भाजून निघते. २१ जूनला दुबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८८ अंशांवर, अगदी डोक्यावर येतो. वापरायला सोपी खूण सावलीची: आपली सावली आपल्याहून आखूड असेल तर अतिनील किरण जोरात आहेत. धुळीच्या किंवा ढगाळ दिवशी ते कमी होतात, थांबत नाहीत. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, पण डोळ्यांना ते नसतं, आणि मोतीबिंदूचं एक कारण हेच किरण आहेत.

पांढरा पातळ टी-शर्ट पुरतो, असं वाटतं. पण त्याच्या विरळ विणीतून, विशेषतः तो भिजल्यावर, बरेच किरण आत येतात. घट्ट विणीचा, सैल शिवलेला, पूर्ण बाह्यांचा कपडा उत्तम. बदाऊन लोक काळे झगे का घालतात, याचा शोध घेणारा एक अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. काळ्या आणि पांढऱ्या सैल झग्यात माणसाच्या शरीरापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळं कापड जास्त तापतं, पण ती उष्णता झग्याखालच्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते.

एवढ्या सूर्याच्या देशात ड जीवनसत्त्व कमी कसं पडेल, हा प्रश्न रास्त आहे. तरी आखातात ही कमतरता सर्रास आढळते, कारण उन्हाळाभर माणसं घर, गाडी, कचेरी यांच्या आतच असतात, आणि ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व बनतं ते काचेतून येत नाहीत. त्यासाठी दुपारी गच्चीवर उभं राहू नका. रक्त तपासा आणि डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या.

घरात, गाडीत आणि अंगावर बेतल्यावर

नव्या बिऱ्हाडाला जुने लोक पहिली युक्ती सांगतात ती नळाची. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, त्यामुळे ऑगस्टमध्ये थंड नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. घरातल्या गारव्यात त्यातलं पाणी निवतं, आणि अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. लहान मुलाला अंघोळ घालण्याआधी हात घालून पाणी बघाच.

गाडीची काच बोटभर उघडी ठेवली की आत मूल पाच मिनिटं बसू शकतं, हा समज जीव घेणारा आहे. बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, आणि फटीनं फारसा फरक पडत नाही.

घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हाही तसाच जीवघेणा समज. कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात अंग चिंब असू शकतं. खरी खूण डोक्याची: माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, नाव विचारल्यावर गोंधळला, की तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिकेसाठी ९९८ ला फोन करा आणि तिची वाट बघत बसू नका. त्याला सावलीत न्या, जाड कपडे काढा, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, टब असेल तर मानेपर्यंत त्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा, नाहीतर ओल्या चादरीवर वारा घाला. काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा. क्रोसिन देऊ नका, हा ताप त्यानं उतरत नाही. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.