मागच्या काचेचा सुटलेला जोड

पावसाळ्यात कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना ढग रस्त्यावर येऊन बसतात. बाहेर गौताळ्याच्या जंगलातली ओली हवा, आत चार माणसांचे श्वास. बघता बघता मागची काच पांढरी होते. पुढच्या काचेवर हवा सोडता येते, मागे ती सोय नसते. अशा वळणांवर मागची गाडी किती जवळ आली आहे, हे आरशात दिसायलाच हवं. डिफॉगर त्यासाठीच असतो.

बटण दाबलं, दिवा लागला, पण काच निवळली नाही, की काच बदलण्याची भाषा सुरू होते. तेवढी घाई करू नये. बिघाड पुष्कळदा नखाएवढ्या जोडात असतो आणि तो दुरुस्त होतो.

काचेवरच्या तपकिरी रेषा म्हणजे चिकटवलेल्या तारा नव्हेत. चांदीची भुकटी आणि काचपूड मिसळलेली शाई आतल्या बाजूने छापून काचेसोबत भाजलेली असते. दोन्ही कडांना रुंद उभ्या पट्ट्या, त्यांवर सोल्डर केलेले पत्र्याचे टर्मिनल आणि त्यांत वायरी. एका बाजूने 12 व्होल्ट येतात, दुसरी बाजू अर्थ असते. रेषा तापतात, काच थोडी गरम होते आणि वाफ उडून जाते.

प्रत्येक रेषा स्वतंत्रपणे दोन्ही पट्ट्यांना जोडलेली असल्यामुळे काचच बिघाड सांगते. धुकं धरलेल्या काचेवर डिफॉगर लावून पाहा. एकाच रेषेपुरता पट्टा पांढरा राहिला, तर ती रेषा तुटली आहे. सगळी काच तशीच राहिली, तर फ्यूज, रिले, अर्थ किंवा टर्मिनल यांपैकी काहीतरी गेलं आहे. डिकीचं दार सतत उघडमीट होतं, म्हणून बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायरही वाकवून पाहावी. आत तुटलेली असू शकते.

आता मल्टीमीटर घ्या. प्रोबच्या टोकाला फॉइल गुंडाळा, म्हणजे रेषा खरवडणार नाही. इंजिन आणि डिफॉगर चालू ठेवून पुरवठ्याची वायर आणि तिची पट्टी यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. चांगल्या जोडावर ते शून्याच्या जवळ असतं. दोन-अडीच व्होल्ट दिसले, तर जोड सैल आहे; पूर्ण 12 दिसले, तर तो सुटलाच आहे. बॉडीच्या तुलनेत दोन्ही पट्ट्यांवर सारखेच 12 आले, तर दोष अर्थच्या बाजूला शोधा.

सैल जोड का टिकत नाही, ते आकड्यांत पाहू. डिफॉगर गाडीनुसार साधारण 10 ते 20 अँपिअर घेतो. 12 अँपिअर धरले, तर सगळ्या रेषांचा मिळून रोध फक्त 1 ओहम होतो. जोडात पाव ओहम वाढला, की प्रवाह साडेनऊ अँपिअरवर येतो आणि त्या एका ठिपक्यात सुमारे 23 वॅट उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे सैल जोड स्वतःचंच सोल्डर वितळवत राहतो.

सुटलेला टर्मिनल बसवताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पट्टीवरचा काळपटपणा बारीक पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घालवा, मग स्पिरिटने पुसा. चांदीचा थर पातळ असतो. ब्लेड लावलं तर तो निघून येतो. सोल्डर चांदीमिश्रित घ्या, कारण साधं सोल्डर वितळलं की पट्टीतली चांदी स्वतःत ओढून घेतं. टर्मिनलला आधीच तेच सोल्डर लावून ठेवा. काच उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोमट करा, कारण टफन्ड काचेला एका जागी अचानक चटका बसला तर तिचे दाणे होतात. फ्लक्स लावा, टर्मिनल दाबा, तापलेलं आयर्न काही सेकंदच टेकवा. सोल्डर चमकून पसरलं की आयर्न उचला आणि हात न हलवता गार होऊ द्या. पाणी मारू नका, फुंकूही नका.

सोल्डरिंगचा हात नसेल, तर दोन भागांचं चांदीमिश्रित वाहक इपॉक्सी मिळतं. ते पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ सुकू द्या. एम-सील किंवा फेव्हिक्विक टर्मिनल धरून ठेवेल, पण त्यातून वीज जाणार नाही.

तुटलेल्या रेषेत तुटीची जागाही मीटरच दाखवतो: डिफॉगर चालू ठेवून काळा प्रोब बॉडीला लावा आणि लाल प्रोब पुरवठ्याच्या बाजूने रेषेवरून सरकवा. चांगल्या रेषेवर आकडा हळूहळू उतरतो, मध्यावर साधारण 6 येतो. तुटलेल्या रेषेवर तो एका ठिकाणी थेट शून्यावर पडतो. तिथे रेषेच्या वर-खाली चिकटपट्टी लावून वाहक रंगाने फट भरा.

फिल्म उतरवतानाही रेषा तुटतात. सुप्रीम कोर्टाने 27 एप्रिल 2012 रोजी काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर गाड्यांच्या फिल्म उतरवाव्या लागल्या. मागच्या काचेची फिल्म नेमकी या रेषांवरच चिकटलेली असते. जोरात ओढली की गोंदाबरोबर चांदीही निघते. वाफ देऊन, रेषांच्या दिशेने सावकाश सोलावी. डिकीतून मका किंवा अद्रकाची पोती नेताना ती काचेला घासणार नाहीत, असं पाहावं. काच पुसायची तर आडवीच पुसावी.

ही तपासणी मे महिन्यातच उरकून घ्यावी. घाटात ढग उतरल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.