काट्यावरचा कॉम्प्युटर

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रात्री-अपरात्री फोन येतो, तेव्हा पलीकडून एवढंच सांगितलं जातं : "कॉम्प्युटर बंद पडलाय, लवकर या." नगर जिल्ह्यात कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं काम करताना हे वाक्य मी रोज ऐकतो. जाऊन बघावं तर कॉम्प्युटर चालू असतो, काम अडलेलं असतं. ते नेमकं कुठं अडलंय हे बघायला शिकणं, हाच माझ्या मते या कामाचा निम्मा भाग आहे.

एका कारखान्याच्या काट्यावरची गोष्ट सांगतो. प्लॅटफॉर्मवर उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं बैलगाड्यांची रांग. इंडिकेटरवर लाल आकड्यांत वजन स्वच्छ दिसत होतं, स्क्रीनवर मात्र शून्य. काटा क्लार्कनं कॉम्प्युटर बंद-चालू करून पाहिला होता. अशा वेळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी केबलचा माग काढावा. इंडिकेटरमधून नऊ पिनांची जुनी सिरियल केबल निघते. नव्या कॉम्प्युटरला तसं सॉकेट नसतं, म्हणून मधे यूएसबी कन्व्हर्टर लावलेला असतो. पाळी बदलताना झाडलोट झाली, कन्व्हर्टर निघाला आणि कुणीतरी तो शेजारच्या सॉकेटात खोचला. विंडोजनं त्याला नवा नंबर दिला. कॉम ३ चा कॉम ५ झाला. सॉफ्टवेअर बिचारं तीन नंबरवरच वजनाची वाट बघत बसलं होतं. कन्व्हर्टर जुन्या जागी लावला आणि आकडा आला.

अशा सॉकेटावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यावा, तसाच कन्व्हर्टरवर द्यावा आणि पोर्टचा नंबर मराठीत लिहून भिंतीला चिकटवावा. पुढच्या वेळी रात्रपाळीचा माणूस स्वतःच काम उरकतो. इंडिकेटरचं झाकण मात्र उघडू नये. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं. आपला अधिकार केबलपाशी संपतो.

ही घाई कुणासाठी, हे विसरून चालत नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० साली. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा वर्षाचा हिशेब काट्याच्या पावतीवर चालतो. तोडलेला ऊस गाडीतच वाळतो, वजन घटतं आणि ती घट शेतकऱ्याच्या बिलातून जाते. पाथर्डी-जामखेडकडची तोडणी कामगारांची जोडपी रांगेत ताटकळतात, बैल जुंपलेले राहतात. पहाटे पुन्हा फडात जायचं असतं.

सेवा केंद्रांतून येणारी तक्रार वेगळी : "एकही सरकारी साइट उघडत नाही, नेट तर चालू आहे." इथं आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. डिजिटल सहीचं डोंगलही याच कारणानं रुसतं. सेल बदलायचा, तारीख-वेळ भारतीय वेळेवर लावायची. केंद्राबाहेर दाखल्यासाठी खोळंबलेली पोरं असतात आणि प्रवेशाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

अंगठ्याच्या मशीनचंही तसंच. कांदा काढणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांची कातडी झिजलेली, मातीनं भेगाळलेली असते. ठसा उमटला नाही की मशीनला दोष दिला जातो. काच मऊ कोरड्या फडक्यानं पुसावी, हात धुवायला पाणी द्यावं, फार कोरडं बोट किंचित ओलसर करून घ्यावं, अंगठा सोडून दुसरी बोटं लावून बघावीत. त्या बाईला सगळ्यांसमोर "तुमचा अंगठाच येत नाही" असं मोठ्यानं कधीही म्हणू नये.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करणं, सुरू झाली आणि आमचं काम बांधापर्यंत पोहोचलं. "रेंज नाही म्हणून लोकेशन येत नाही," असं शेतकरी सांगतात. खरं तर जीपीएसचे संकेत उपग्रहाकडून येतात, त्यांना सिमकार्ड लागत नाही. नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ मात्र लागतो. माणूस उन्हामुळं बांधावरच्या झाडाखाली उभा असतो आणि गर्द फांद्यांखाली संकेत अडखळतात. दोन मिनिटं मोकळ्या रानात थांबायला सांगावं. तेवढ्यात मेमरी भरली आहे का आणि लोकेशनची परवानगी दिली आहे का, तेही बघून घ्यावं. एप्रिल-मेच्या उन्हात तापून फोनची पाठ उचललेली दिसली, तर बाकी सगळं सोडून आधी चार्जिंग थांबवावं. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये.

एका तक्रारीत मात्र क्षणाचाही उशीर परवडत नाही. माणूस येतो आणि म्हणतो, "फोन आपोआप चालतोय." विचारलं की कळतं, कुणीतरी बँकेतून बोलतोय असं सांगून एक अ‍ॅप टाकायला लावलं. ते अ‍ॅप स्क्रीन लांबून दुसऱ्याला दाखवतं. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय तोडावं, फोन फ्लाइट मोडवर टाकावा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्यालाच बोलू द्यावं. पिन आणि ओटीपी आपण विचारू नये. तो सांगायला लागला तरी थांबवावं. फोन रिसेट करू नये, कारण मेसेज आणि कॉलची नोंद पोलिसांना लागते. आणि पैसे गेले असतील, तर घरी कसं सांगायचं या धास्तीनं तो उठून जायला बघतो. त्याला चहा सांगावा आणि तक्रारीचा क्रमांक कागदावर उतरेपर्यंत सोबत बसावं.