मोरिओकाचा सांधा

तोक्योहून उत्तरेकडे निघालेली सतरा डब्यांची शिंकान्सेन बुलेट ट्रेन मोरिओकाच्या फलाटाला लागते, तेव्हा एक नव्हे, दोन गाड्या आलेल्या असतात. पुढचे सात लाल डबे ‘कोमाची’चे, मागचे दहा हिरवे ‘हायाबुसा’चे. काही मिनिटांत कपलिंग सुटतं, टोकदार नाकांवरची झाकणं मिटतात. कोमाची आधी निघते आणि पश्चिमेला अकिताच्या डोंगरांकडे वळते; हायाबुसा सरळ उत्तरेला आओमोरीकडे जाते. परतीचा खेळ जास्त रंगतो. हिरवी गाडी आधी येऊन उभी राहते, लाल मागून येते, अलीकडेच थांबते, पुन्हा जरा सरकते, आणि अगदी हलक्या धक्क्याने जोडली जाते. हे बघायला फलाटावर मुलं मोबाइल सरसावून उभी असतात. मुलांच्या नावाखाली आलेले बापही असतात.

इवाते प्रांताची राजधानी असलेलं मोरिओका तीन लाखांहून कमी वस्तीचं शहर. निप्पॉन रेल्वे या खासगी कंपनीने 1890 साली इथवर रूळ आणले. 23 जून 1982 रोजी शिंकान्सेन आली, तीही तोक्योहून नव्हे, उपनगरातल्या ओमियाहून. पुढची वीस वर्षं वेगवान मार्ग इथेच संपत होता. आओमोरीला जाणारे लोक बॅगा उचलून साध्या रुळांवरच्या ‘हात्सुकारी’ एक्स्प्रेसमध्ये चढत. आज तोक्योहून सर्वांत वेगवान गाडी सव्वादोन तासांच्या आत इथे पोचते.

खरी गंमत रुळांमधल्या अंतरात आहे. जपानच्या जुन्या रेल्वेचं गेज 1067 मिलिमीटर, शिंकान्सेनचं 1435. अकितालाही वेगवान गाडी हवी होती, पण डोंगर फोडून नवा मार्ग बांधण्याइतका पैसा तिथे ओतायला कोणी तयार नव्हतं. मग जपान्यांनी जुगाड केला. मोरिओका ते ओमागारी हा ताझावाको मार्ग साधारण वर्षभर बंद ठेवून त्याचे रूळ रुंद केले, आणि 22 मार्च 1997 रोजी कोमाची धावू लागली. बोगदे मात्र जुनेच, म्हणून डबे अंगाने बारीक. मोठ्या शिंकान्सेनच्या फलाटाला लागताना दाराखालून पायरी बाहेर येते, नाहीतर उतारूचा पाय फटीत जायचा. मोरिओकाच्या दक्षिणेला ताशी 320 किलोमीटरने धावलेली हीच गाडी डोंगरात 130 च्या वर जात नाही. वाटेत तिच्यासाठी चक्क रेल्वेचं फाटक पडतं आणि शेतकऱ्याचा छोटा ट्रक ती जाईपर्यंत थांबून राहतो.

याची किंमत स्थानिक गाडीने मोजली. ताझावाको मार्गावरच्या लोकलही रुंद रुळांच्या झाल्या, त्यामुळे मोरिओकाला पोचल्यावर शेजारच्या अरुंद रुळांवर त्या जाऊच शकत नाहीत. ज्यांनी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तीन गेजांचं जुनं मिरज जंक्शन पाहिलंय, त्यांना गाडी बदलायची ही धावपळ नव्याने सांगायला नको. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही 1435 चीच आहे आणि आपली रेल्वे 1676 ची. त्यामुळे ठाणे, विरार, बोईसरला दोन्ही रेल्वे एकमेकींच्या रुळांवर चढणार नाहीत. जोडणी उतारूंच्या पायांनीच व्हायची आहे.

1 डिसेंबर 2002 रोजी शिंकान्सेन उत्तरेला हाचिनोहेपर्यंत वाढली आणि त्याच दिवशी तिला समांतर असलेला जुना मार्ग जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने अंगावरून उतरवला. इवातेतला भाग प्रांत आणि स्थानिक पालिकांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीकडे गेला. तिचं नाव ‘इवाते गिंगा’, म्हणजे आकाशगंगा. मोरिओकात शिकलेले लेखक केन्जी मियाझावा यांच्या आकाशगंगेतल्या आगगाडीच्या कथेची ही आठवण. तिच्या गाड्या शून्य आणि एक क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात. नाव काव्यमय असलं तरी तिकीट महागलं, हे शाळेला जाणाऱ्या पोरांच्या आईबापांना पक्कं ठाऊक आहे. याच रुळांवरून होक्काइडोचा कांदा-बटाटा मालगाड्यांनी तोक्योकडे जातो, म्हणून हा मार्ग सोडून देणंही परवडणारं नाही.

मोरिओकातली ती दोन गाड्या जोडण्याची कसरत कधी अंगाशीही येते. 19 सप्टेंबर 2024 रोजी फुरुकावा आणि सेन्दाईच्या दरम्यान ताशी 315 किलोमीटरच्या वेगात हायाबुसा आणि कोमाची सुटून वेगळ्या झाल्या. ब्रेक आपोआप लागले, कोणाला इजा झाली नाही. कपलिंग सोडणाऱ्या स्विचमध्ये शिरलेला धातूचा कीस त्याला कारण ठरला. 6 मार्च 2025 रोजी तोक्योत पुन्हा अशाच गाड्या सुटून वेगळ्या झाल्या, आणि जोडून गाड्या चालवणं काही दिवस बंद झालं. कोमाची मोरिओका-अकिता एवढीच धावू लागली आणि अकिताच्या उतारूंवर मोरिओकाला उतरून गाडी बदलायची पाळी आली.

याच स्थानकातून आणखी एक मार्ग निघतो, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मियाकोकडे. यामादा मार्गाचे एकेरी रूळ, डिझेलवर चालणारे डबे, आणि दिवसभरात मोजक्याच फेऱ्या. स्थानकासमोरून मियाकोची बस मात्र सारखी सुटते, आणि 2024 साली प्रयोग म्हणून रेल्वेचं तिकीट त्या बसमध्येही चालू लागलं.